काकू हलल्या म्हणून

"काकू हलल्या सर, म्हणून परत घेतोय," धाकटा टेक्निशियन म्हणाला, पण त्याची नजर जमिनीवर होती.

थोरल्या टेक्निशियनच्या मनात पाल चुकचुकली. एमआरआयच्या याच खोलीत त्याची सव्वीस वर्षं गेली होती. आज आत बायको आणि तो बाहेर, नातेवाइकांच्या बाकावर. घरच्या माणसाचं स्कॅनिंग आपण करायचं नाही, हा नियम त्यानेच घातलेला. दोन महिने ती डोकं दुखतंय म्हणत होती आणि हा शहाणा सांगत होता, चष्म्याचा नंबर वाढला असेल!

हलली म्हणे! मग बिघडलेला तेवढाच भाग पुन्हा घेतला असता, तोच खडखडाट पुन्हा ऐकू आला असता. इथे तर सगळे आवाज ओळीने पार पडले, मशीन गप्प झालं आणि धाकट्याने कपाटातून औषधाची बाटली काढलेली उघड्या दारातून दिसली. शिरेतून द्यायचं औषध. मेंदूत गाठ असल्याचा संशय आला की ते देतात. गाठ उजळते, कडा दिसतात, ती कसली असेल याचा डॉक्टरांना अंदाज येतो. पेशंट घाबरू नये म्हणून सांगायचं, तुम्ही हललात. ही थाप त्यानेच धाकट्याला शिकवली होती. गुरूची विद्या गुरूला!

औषध देऊन झालं, मशीन पुन्हा खडखडलं, तेव्हा तो उठून पडद्याच्या खोलीत गेला. "सरक बाजूला."

"सर, नका ना बघू."

"अरे, सरक म्हणतो ना!"

पडद्यावर उजव्या बाजूला लिंबाएवढं काहीतरी उजळलं होतं, कडा ओबडधोबड. अशा कितीतरी गाठी त्याने पाहिल्या होत्या. आज तो बाहेर येऊन बाकावरची बायकोची पर्स उचलून उभा राहिला.

थोड्या वेळाने बायको बाहेर आली ती तणतणतच. "अहो, तो म्हणतो मी हलले! देवाशपथ, तसूभर हलले नाही. नाक खाजत होतं तरी! काय भानगड आहे?"

"रिपोर्ट आला की डॉक्टर..."

"मी तुम्हाला विचारतेय. माझी पर्स छातीशी धरून उभे आहात. जन्मात कधी धरली होती?"

सव्वीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्याने सांगितलं. "तू हलली नाहीस. गाठ आहे. कसली, ते डॉक्टर सांगतील."

ती बाकावर बसली. तोही शेजारी बसला.

"तुम्ही सांगितलंत, बरं झालं," ती म्हणाली. सुई टोचलेल्या जागेवरचा कापूस घसरला होता. तिने हात पुढे केला. "धरा जरा."

त्याने अंगठ्याने कापूस दाबला. रक्त केव्हाच थांबलं होतं, तरी तो दाबून बसला. तिनेही हात काढून घेतला नाही.