समितीसाठी मांडलेलं टेबल

पातेल्यावर ताणून बसवलेल्या पातळ प्लास्टिकच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब धरले होते. कडेचे थेंब बारीक होते. मधले एकमेकांत मिसळून मोठे झाले होते आणि त्यांतला एखादा जड होऊन खाली ओघळत होता. स्मारांदानं वाकून पाहिलं. अन्न गरम असतानाच झाकलेलं होतं आणि त्याला फार वेळ झालेला नव्हता. म्हणजे ते याश शहराच्या दुसऱ्या टोकाहून आलेलं नसणार. समोरच्या वसतिगृहातच शिजलं असणार.

एवढं निरीक्षण झालं आणि मग तिच्या डोक्यात तिडीक गेली.

परीक्षेच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल मांडलं होतं. वर पांढरी चादर. द्राक्षाच्या कोवळ्या पानांत भात आणि खिमा गुंडाळून शिजवलेले सारमाले, एकेक अंगठ्याच्या पेराएवढा. शेजारी आंबट सायीचा वाडगा, पनीर भरून चौघडी घातलेल्या गोड पुड्या, थर्मासमध्ये कॉफी. तोंडी परीक्षा म्हटली की मुलांनी परीक्षकांच्या समितीसाठी टेबल मांडायचं, ही रीत स्मारांदा शिकत होती तेव्हाही होती. त्याला लाच कुणी म्हणत नसे, पाहुणचार म्हणत. पण आजची परीक्षा व्यवसायातल्या नीतिमत्तेची होती, आणि ह्या रीतीवर बोलण्यात तिनं वसंतात एक अख्खा तास घालवला होता. मुलांनी तेव्हा माना डोलावल्या होत्या. काहींनी लिहूनही घेतलं होतं.

“हे बघितलंस का?” तिच्याबरोबरचे परीक्षक ओलिम्प्यू सर हात मागे बांधून टेबलाभोवती फिरत होते. हिशेब शिकवण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. “काय घड्या घातल्यात पानांच्या! आमच्या हिच्यापेक्षा सुबक. घरी सांगू नकोस हं.”

“हात लावू नका, सर.”

“वास घेतोय. वासाला काही नियम आहे का तुझा?”

वर्गाचा प्रतिनिधी होरात्सियू दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, चेहरा मात्र रात्रभर कांदा चिरल्यासारखा.

“मॅडम, ह्या टेबलाचं काय झालं की...”

“ते इथून उचला.”

“उचलतो. पण आधी ऐकून घ्याल का?”

“परीक्षा झाल्यावर ऐकेन. आत्ता पहिल्या पाच जणांना बोलाव.”

“राहू दे गं,” ओलिम्प्यू सर मध्ये पडले. “पोरं आधीच घाबरलीयत. पातेलं सांडलं तर फरशी आणि माझं काळीज, दोन्ही जातील.”

स्मारांदा खुर्चीत बसली. खरं म्हणजे तिला राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं. ती मूळची रसायनशास्त्राची. मधातली भेसळ शोधण्यात तिचा हातखंडा. तीन वर्षांपूर्वी वाणिज्य शाखेनं भेसळीवर एक व्याख्यान द्यायला बोलावलं, नीतिमत्ता शिकवायला दुसरं कुणी तयार नव्हतं, आणि ती तिथंच अडकली. प्रयोगशाळेतली तिची जागा मात्र लेओन्ते सरांनी राखून ठेवली होती. ते विभागप्रमुख. नाताळात त्यांनी विचारलं, परत येतेस का? ती म्हणाली, विचार करते. ईस्टरला पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. आज संध्याकाळी त्यांच्या विभागाची बैठक होती आणि त्याआधी उत्तर द्यायचंच होतं. प्रयोगशाळेत मध एक तर शुद्ध निघतो, नाही तर नाही. इथं तीन वर्षं घसा कोरडा केला त्याचं काय झालं, हे कुठल्या यंत्रात बघणार? आता यंत्राची गरजही उरली नव्हती. उत्तर खिडकीखाली मांडलेलं होतं, गरमागरम.

पाच जण आत आले, त्यांत होरात्सियूही होता. प्रत्येकानं पालथी ठेवलेली एकेक चिठ्ठी उचलली. पहिली इलिंका. वर्षभर शेवटच्या बाकावर बसणारी, कमी बोलणारी मुलगी. तिनं चिठ्ठी वाचली आणि तिला हसू फुटलं.

“काय झालं?” स्मारांदानं विचारलं.

“‘भेटवस्तू आणि लाच यांतला फरक उदाहरणासह सांगा.’ मॅडम, उदाहरण समोरचं चालेल?”

मागे कुणीतरी खोकलं. ओलिम्प्यू सर ताठ बसले.

“चालेल,” स्मारांदा म्हणाली.

“तुम्ही तीन प्रश्न शिकवले होते. देणारा कोण, त्याला बदल्यात काय हवंय, आणि सगळ्यांनी पाहिलं तर त्याला चालेल का.” इलिंकानं चिठ्ठी खाली ठेवली. “आज सकाळी तुम्ही ह्यांतला एकही विचारला नाहीत.”

होरात्सियूनं डोळे मिटून घेतले.

“मग आत्ता विचारते,” स्मारांदा हळू आवाजात म्हणाली. “देणारं कोण?”

“सगळा वर्ग. दोन आठवडे भांडत होतो. एक गट म्हणायचा, टेबल नाही मांडलं तर सर उपाशी बसतील आणि आमची शोभा होईल. दुसरा म्हणायचा, नीतिमत्तेच्या परीक्षेला टेबल मांडणं म्हणजे पोहण्याच्या परीक्षेला बुडण्यासारखं आहे.”

“हे मी म्हटलं होतं,” मागून होरात्सियू पुटपुटला.

“तू चिठ्ठी वाच,” इलिंका मागे न वळता म्हणाली. “शेवटी मत घेतलं. टेबल मांडायचं, पण समितीसाठी नाही. गुण वाचून दाखवेपर्यंत कुणी घासही घ्यायचा नाही. मग दार सताड उघडायचं आणि जिन्यानं जाणारा-येणारा जो असेल त्याला बोलवायचं. सफाईवाल्या मावशींना, दुसऱ्या शाखांना, सगळ्यांना. पहिलं ताट सगळ्यांत कमी गुण मिळतील त्याला. ते होरात्सियू स्वतःचंच धरून चाललाय.”

“मी सायीची वाटीही ठरवलीय,” होरात्सियू म्हणाला.

“हे मला कसं कळणार होतं?”

“चादरीखाली बघा, मॅडम,” इलिंका म्हणाली.

स्मारांदा उठली. चादरीची कड उचलली तर टेबलाखाली ताटल्यांच्या चळतीच्या चळती. दोन परीक्षकांना एवढ्या कशाला लागतील? तिनं प्लास्टिकवरचे थेंब पाहिले होते, अन्न कुठं शिजलं ते ओळखलं होतं, आणि ह्या चळती पायाशी असून तिला दिसल्या नव्हत्या. निरीक्षण बरोबर, निष्कर्ष साफ चुकलेला. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर तिनं त्याला पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं असतं.

तिला हसू आलं. ते आवरायचा तिनं प्रयत्न केला, पण ओलिम्प्यू सरांकडे नजर गेली आणि ते जमलं नाही. समितीसाठी नाही हे ऐकल्यापासून त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

“तू कोणत्या बाजूनं मत दिलंस?” तिनं इलिंकाला विचारलं.

“विरोधात. मला अजूनही वाटतं की टेबल नको होतं. सवय वाईट असते.”

“आणि सारमाले कुणी गुंडाळले?”

इलिंकानं बोटं पुढं केली. पानांच्या रसानं नखं हिरवट-काळी झाली होती. “हरले ना, मॅडम. हरल्यावर बाजूला बसून नुसतं बघायचं, हे काही बरं नाही. शिवाय ह्यांना घडी येत नाही. होरात्सियू सिगारेट वळल्यासारखं वळतो.”

“हिला दहापैकी दहा,” ओलिम्प्यू सर म्हणाले. “आणि आता जरा भराभर घेऊ या का, स्मारांदा? सायीचा वाडगा उन्हात आलाय.”

“घाई नाही, सर. प्रत्येकाला पुरता वेळ.”

तो तिनं दिला. दुपार कलेपर्यंत परीक्षा चालली. कुणी अडखळलं, कुणी पाठ केलेलं ओकलं, एकानं तर तिच्या तीन प्रश्नांत चौथा घातला आणि तो तिच्या तिन्हींपेक्षा चांगला होता. होरात्सियू दहापैकी सहा गुण मिळवून पास झाला आणि पहिलं ताट थोडक्यात हुकलं म्हणून खरोखर हिरमुसला. ते कोस्मिन नावाच्या उंच मुलाला मिळालं. तो नापास झाला होता, त्याला शरद ऋतूत पुन्हा परीक्षेला बसायचं होतं. टाळ्यांच्या कडकडाटात त्यानं राजासारखं वाकून ताट घेतलं.

मग दार उघडलं. खिडकीतून बाहेरच्या लिंडनच्या झाडांच्या फुलांचा गोड वास येत होता, त्यात सारमाल्यांचा मिसळला आणि थेट जिन्यात गेला. सफाईवाल्या मावशी हात पुसत आल्या, एक सारमाला तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “मीठ कमी. पण चार तासांचं शिजवणं आहे, हे कळतं.” वरच्या मजल्यावरचे भूगोलवाले आले. ओलिम्प्यू सर तिसऱ्यांदा ताटली भरून घेताना कुणाला तरी सांगत होते की आपण परीक्षक नाही, जिन्यानं जाणारे-येणारे आहोत.

आणि त्याच वासाच्या मागं, समोरच्या इमारतीतून, लेओन्ते सर आले. इलिंकानं त्यांच्याही हातात ताटली दिली. ते कोण, कशाला आले, हे तिनं विचारलं नाही.

“तू फोन उचलत नाहीस,” खाता खाताच ते स्मारांदाला म्हणाले, “म्हणून म्हटलं, आपणच जावं. बैठक तासाभरात आहे. नाताळात विचारलं, ईस्टरला विचारलं. आता मी काय तुझ्या वाढदिवसाची वाट बघू? बोल. सोमवारपासून प्रयोगशाळेत येतेस ना?”

स्मारांदानं भोवती पाहिलं. कोपऱ्यात इलिंका आणि होरात्सियू पुन्हा भांडत होते. पुढच्या वर्षी टेबल मांडायचं की नाही, यावर. कोस्मिन भरल्या तोंडानं दोघांनाही खोडून काढत होता.

“नाही, सर,” ती म्हणाली. “माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. मी इथंच शिकवणार आहे.”