कणसरीची टिकली

चेनचा पहिला फटका बसला तेव्हा मनिष उकिडवा बसून कार्बोरेटर पुसत होता. पाठीवर जणू कुणी विस्तव ओतला. काय झालं ते कळायच्या आत दुसरा फटका कान चाटून गेला, कार्बोरेटर हातातून सुटला आणि तो मातीत तोंडघशी पडला. मान वळवून पाहतो तर मागे नविन. मुठीला मोटारसायकलची जुनी चेन गुंडाळलेली, डोळे झोप विसरलेले, आणि दातओठ असे आवळलेले की शिवीलाही बाहेर पडायला वाट नव्हती.

मनिषला नवल वाटलं नाही. दसऱ्यापासून तो या फटक्याची वाटच पाहत होता म्हणा ना. दसऱ्याच्या सकाळी नविनचा धाकटा भाऊ नितीन आपट्याची पानं घेऊन तलासरीला मामाकडे निघाला आणि सायवनच्या उतारावर मेला. मागचं चाक तिरकं झालं, चेन उतरून चाकात अडकली, चाक जाम झालं आणि समोरून येणाऱ्या टेम्पोखाली नितीन गेला. त्या चाकाचा नट आदल्या दिवशी मनिषने सैल केला होता. सगळ्यांनी पाहिलं होतं.

दर रविवारी आशागडला झिपरूच्या चिकूखाली हे गाडीवेडे जमत. कोसबाडहून दोघं येत, सायवनहून धोंडी येई, आणि पाड्यावरचे मनिष, नितीन, नविन तर घरचेच. लोकांनी कोंबड्या बसवायला अंगणात टाकून दिलेल्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्या आणायच्या, खोलायच्या, घासायच्या आणि पुन्हा धावत्या करायच्या. भाताच्या आवणीतून, बागेतल्या मजुरीतून उरलेला सगळा जीव इथे लागे. झिपरू त्यांच्यात थोरला. पंचक्रोशीत कुठेही कीर्तन असलं की टाळ घेऊन पुढच्या रांगेत बसणारा माणूस. त्याने अंगणात एका ओंडक्यावर सुटे भाग जबड्यात आवळून धरणारी लोखंडी वाइस ठोकली होती आणि तितकाच पक्का एक नियम ठोकला होता. ज्याने नट खोलला त्यानेच तो आवळायचा, आणि पुरता आवळला की त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी टिकली लावायची. टिकली नाही, तर गाडी चालवायची नाही.

पीठ म्हणजे कणसरी, धान्याची देवी. तिची टिकली खोटी कोण लावणार? त्यामुळे दुसऱ्याच्या टिकलीवर पाना लावून पाहणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. ते पाप आजवर कुणी केलं नव्हतं. पीठ येई नितीन-नविनच्या घरून. त्यांची विधवा आई लाडकी पाड्यापाड्यांत भिंतींवर लग्नाचे चौक चितारणारी; भिंतीसाठी तांदूळ वाटायला बसली की पोरांसाठी करवंटीभर वेगळं काढून ठेवी. माझ्या पिठाने गाड्या पळतात, असं बाजारात मिरवून सांगेसुद्धा.

त्या दिवशी मनिषने चेन ताणायला नट सैल केला आणि आवळायला गेला तर पाना घसरला. पान्याचं तोंड झिजलं होतं. उद्या डहाणूहून चांगला पाना आणतो, तोवर गाडीवर बसू नको, असं त्याने नितीनला बजावलं होतं. नितीन हसून म्हणाला होता, टिकलीशिवाय मी मुतायला तरी निघतो काय? गाडी ढकलत घरी नेली. आणि दुसऱ्या दिवशी पाना घेऊन मनिष घरी पोचायच्या आत नितीनची बातमी पोचली.

म्हणून मनिष मर्तिकापासून एकच गोष्ट घोकत होता. मी टिकली लावली नव्हती. झिपरूला सांगितलं, धोंडीला सांगितलं, नविनला सांगायला गेला तर नविन तोंड फिरवून उठला. बाकीच्यांनी विश्वास ठेवला होता. नितीननेच घाई केली असणार, सणाचा दिवस, पोरगं हुरळलं असणार, असं ते आपसांत म्हणत.

आज मात्र नविनच्या मागे टेम्पो उभा होता, आणि टेम्पोत पोलीस ठाण्यातून सोडवून आणलेली नितीनची गाडी.

धोंडी आणि कोसबाडच्या दोघांनी नविनला कंबरेत धरलं. तो ओढत होता, लाथा झाडत होता, एकाच्या नडगीवर बूट बसला तसा तो ओरडून बाजूला झाला. झिपरू मधे पडून म्हणाला की मेलेल्या भावाची शपथ आहे, आधी बोल, मग मार. नविनने त्याला असा ढकलला की म्हातारपणाकडे झुकलेला तो माणूस टायरांच्या ढिगावर जाऊन आपटला. कपाळाला खोक पडली. त्याची पर्वा न करता नविनने मनिषचे केस मुठीत धरले आणि त्याला फरफटत टेम्पोपाशी नेलं.

"टिकली लावली नव्हती म्हणालास ना? बघ."

त्याने मनिषचं तोंड मागच्या चाकावर आपटलं. स्पोकने ओठ फाटला, एक दात हलला, तोंडात रक्ताची खारट चव आली. मनिषने डोळे उघडले. डोळ्यांसमोर तोच नट होता. सैल, एक्सलवर बोटाने फिरेल असा. त्यावर चिखल, वंगण आणि काळपट वाळलेलं काहीतरी. आणि त्या सगळ्याखाली पांढरी टिकली.

धोंडीने पुढे वाकून पाहिलं आणि नविनच्या कंबरेवरचा हात आपणहून काढून घेतला. नट आवळायचा राहिला, हे माणसाच्या हातून होतं. पण सैल नटावर टिकली? ती विसरभोळेपणाने लागत नाही. धोंडी थुंकला. ज्या पोराला आजवर भाऊ म्हणत होता त्याच्या बरगडीत त्याने स्वतः एक लाथ घातली.

मनिषला ती लागलीही नाही. त्याची नजर टिकलीवर खिळली होती.

पोरं टिकली लावत ती बोटाने. पसरट, एका बाजूने ओघळलेली. ही तशी नव्हती. ही बांबूच्या काडीने काढली होती. मधे ठिपका, आणि भोवती केसासारख्या किरणांचं नाजूक कडं. अर्धे किरण चिखलाखाली गेले होते, पण उरलेले पुरे होते. असा सूर्य साऱ्या पाड्यांत एकच हात काढत असे.

दसऱ्याची पहाट त्याला समोर दिसावी तशी दिसली. लाडकी काकीने गाडी धुतली असेल, झेंडूची माळ घातली असेल. हातात करवंटी आणि काडी घेऊन गाडीभोवती फिरली असेल. एकेका नटावर पोरांची टिकली दिसत गेली असेल, आणि मग एक नट उघडा. पोरं विसरली वाटतं, असं म्हणून, सणाच्या दिवशी गाडीचं एक अंग बोडकं कशाला, म्हणून तिने तिथे सूर्य काढला असेल. लेकाची गाडी जास्त शुभ व्हावी म्हणून. नितीन उठून बाहेर आला, टिकली पाहिली, मनिष पहाटेच येऊन काम करून गेला असं त्याला वाटलं, आणि मित्राच्या टिकलीवर पाना लावायचं पाप त्याने केलं नाही.

एक वाक्य. एका वाक्यात मनिष सुटला असता. नीट बघ, ही तुझ्या आईची टिकली आहे.

ते वाक्य जिभेवर आलं. फाटक्या ओठापर्यंत आलं. आणि त्याला मर्तिकाच्या दिवशीची लाडकी आठवली. सगळं घर त्याच्याकडे पाठ करून बसलेलं असताना तिने त्याला जवळ ओढलं होतं, डोक्यावरून हात फिरवला होता आणि म्हटलं होतं, तू नाही लावली म्हणतोस ना, मग नाही लावली. त्या बाईला आता सांगायचं, की लावली होती, तू लावलीस? दुःख माणूस गिळतो, काकी गिळत होती तसं, पण हे गिळून कोण जगेल? शिवाय पाड्यातली तोंडं. एका विधवेकडे बोट दाखवायला तिथे आधीच कारण लागत नाही. हे तर देवीच्या पिठाचं कारण झालं असतं.

"बोल," नविन म्हणाला. "कोणी लावली?"

मनिषने तोंडातलं रक्त गिळलं. "मीच."

"सैल नटावर?"

"हो."

"आणि इतके दिवस खोटं बोललास? माझ्या आईच्या तोंडावर?"

"हो," मनिष म्हणाला.

कीर्तनात बुवा सांगत, रावणाची दहा तोंडं ही दुसऱ्यातिसऱ्या कुणाची नव्हेत, ती क्रोधाची. एक कापावं तर दुसरं उगवतं. झिपरूने हे कितीदा ऐकलं होतं, आणि आता टायरांच्या ढिगावर कपाळाचं रक्त पुसत तो ते डोळ्यांनी पाहत होता. नविन एकटा मारत होता तोवर निदान एकाला धरता आलं असतं. आता सगळेच मारत होते. कुणी पान्याने, कुणी बुटाने. मनिषने डोकं दोन हातांत घेतलं होतं आणि कुणालाच उलटून मारत नव्हता, आणि ते पाहून मारणाऱ्यांना अधिकच चेव येत होता. त्याच्या बरगडीतून ओली काटकी मोडावी तसा आवाज आला.

"थांबा," नविन म्हणाला. त्याचा आवाज एकदम शांत झाला होता, आणि त्या शांतपणाने धोंडीसुद्धा मागे सरला. "मारून नको टाकायला. ज्या हाताने टिकली लावली तो द्या इकडे."

त्याला ओंडक्यापाशी ओढत नेलं. नविनने त्याचा उजवा हात वाइसच्या जबड्यात ठेवला आणि दांडा फिरवायला घेतला. झिपरू धडपडत उठला, हात जोडले, म्हणाला की या हाताने तुझ्या गाडीचं इंजिन दोनदा बांधलंय रे, देव बघतोय. नविन म्हणाला की बघू दे, त्या दिवशीही बघतच होता.

दांडा फिरला. आधी नुसता दाब, मग बोटांची हाडं एकमेकांवर चढल्याची कळ, मग ती कळही मागे पडून पांढरा लखलखाट. मनिष ओरडला. आयुष्यात असा आवाज आपल्या गळ्यात आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या ओरडण्यात ते वाक्य पुन्हा एकदा वर आलं, अगदी दातांपर्यंत, आणि त्याने ओंडक्याच्या सालीत दात रोवून ते अडवलं. दांडा आणखी एक पीळ फिरला. काहीतरी फुटलं.

"नविन!"

हाक अंगणाच्या टोकाकडून आली. लाडकी उभी होती. टेम्पोत लेकाची गाडी आली असं पाड्यात कळलं तशी ती होती तशी निघाली होती, लुगड्याला माती, केस मोकळे. तिने अंगण पाहिलं, रक्त पाहिलं, वाइसमधला हात पाहिला. ओरडली नाही. सरळ आली, थोरल्या लेकाच्या हातावर हात ठेवला आणि दांडा उलटा फिरवला. जबडा सुटला. मनिषचा हात बाहेर आला तो हात राहिला नव्हता.

"गाडी कुठाय?" ती म्हणाली. "मला बघू दे. माझं पोर ज्याच्यावरून पडलं ते मला बघू दे."

आणि ती टेम्पोकडे वळली.

मनिष कसा उठला हे नंतर त्यालाही सांगता आलं नसतं. बरगडी आत टोचत होती, पाय जमिनीला लागत नव्हते. पण तो तिच्या आधी चाकापाशी पोचला, तिथे कोसळला आणि तो फुटलेला हात त्याने नटावर घासला. बोटं चालत नव्हती म्हणून तळव्याने. एकदा, पुन्हा, पुन्हा. टोकं मोडलेल्या हाडांनी लोखंड पुसताना त्याच्या घशातून जनावरासारखा आवाज येत होता. सगळ्यांना वाटलं, मार डोक्यात गेला.

नविन त्याला खेचायला वाकला आणि थबकला.

रक्ताने चिखल धुतला गेला होता. पुसायच्या राहिलेल्या कडेला दोन-तीन पांढरे किरण अजून दिसत होते, केसासारखे बारीक. ते किरण नविनने जन्मल्यापासून घराच्या भिंतीवर पाहिले होते. त्यांच्याखाली तो झोपला होता, त्यांच्याखाली त्याचं लग्न लागलं होतं. त्याने मनिषकडे पाहिलं. मनिषने नुसती मान हलवली. नको.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, नविनची तशी सरकली नाही. ती तिथेच होती, तोच तिच्यात उतरत गेला. मागून आईची पावलं आली. त्याने टेम्पोतली जड हातोडी उचलली आणि नटावर घातली. नटावर, एक्सलवर, पुन्हा नटावर. ठिणग्या उडाल्या, लोखंड चेपलं, पांढरं, तांबडं, काळं सगळं एक झालं. तो रडत होता आणि घाव घालत होता, आणि बघणाऱ्यांना तो भावाच्या मरणाचा राग वाटला.

लाडकीने मनिषचं डोकं मांडीवर घेतलं. लुगड्याचा पदर दातांनी फाडून हात बांधला. झिपरूने रिक्षा आणायला धोंडीला पिटाळलं.

"कोणाचं चुकलं रे?" तिने हळूच विचारलं. "मला तरी सांग."

"नट जुना होता, काकी," मनिष म्हणाला. "धरत नव्हता."

तिने त्याच्या ओठावरचं रक्त बोटाने टिपलं. मग तिने मान डोलावली आणि नविनला म्हणाली, "बस कर आता. लोखंडाला काय कळतं?"

हातोडी थांबली. रिक्षाची वाट बघत सगळे तसेच बसून राहिले. लाडकीची नजर झिपरूच्या पडवीकडे गेली. तिथे भिंतीपाशी तिचीच करवंटी पडली होती, तळाला वाळून भेगाळलेल्या पिठाचा पापुद्रा.

"पीठ संपलं काय तुमचं?" ती म्हणाली. "या सगळ्या घोरात राहूनच गेलं बघा. उद्या वाटून देते."

झिपरूने तोंड फिरवलं. मनिषने डोळे मिटले.

"नको, आये," नविन म्हणाला, आणि तिच्या पायाशी बसून तिचे दोन्ही हात आपल्या रक्ताळलेल्या हातांत घट्ट धरून ठेवले, ते कुठे जाऊ नयेत म्हणून.