पितळेचा टवका

मित्रांनो, मी एक जुनी पितळी मोहोर आहे. नागपूरच्या एका सरकारी कार्यालयात माझा सारा जन्म गेला. जुनी म्हणून कोणी माझी कीव करायला येत असेल, तर त्याने दारातूनच परत जावं.

मी शाळा शिकले नाही. कारागिराने छिन्नीने जेवढी अक्षरं अंगावर कोरली तेवढीच मला येतात, आणि तीही उलटी. पण माझा तोरा ऐका. माझ्या ठशाचा कागद घेऊन नागपूरजवळच्या कुहीचं पोर केरळात जावो की आसामात, तिथला साहेब तो कागद बाजूला सारत नसे. साहेबाला मराठी येत नसे, पोराला साहेबाची भाषा येत नसे. मधे मी होते. माझ्या टेबलावरही कधी बंगालचे साहेब आले, कधी तमिळनाडूचे. डब्यातली भाजी प्रत्येकाची निराळी, पण मला कागदावर टेकवण्याआधी तो दोनदा वाचायची खोड सगळ्यांची एकच. एवढा मोठा देश एकमेकांच्या कागदावर भरवसा ठेवून चालतो, मित्रांनो. तो भरवसा माझ्या अंगाखालून गेलेला आहे.

पुढे रबरी शिक्के आले, कॉम्प्युटर आला, आणि मी देवाजी बाबूच्या ड्रॉवरमध्ये पडले. गेल्या पोळ्याला त्याला तंबाखूच्या खर्ऱ्यासाठी सुपारी फोडायची होती. त्याने मला उचललं. मला! सुपारी सटकली, मी फरशीवर आदळले आणि माझ्या कडेचा टवका उडाला.

"काहून गा देवाजी, अडकित्ता नाही का घरी?" शिपाई सिंधूताई ओरडल्या.

"म्हातारी झाली ते. तिचं काय काम पडते आता?" देवाजी हसला.

 मी हे विसरले नाही.

दोनच महिन्यांत त्याला माझं काम पडलं. कुहीकडचं एक गाव वीसेक वर्षांपूर्वी धरणात गेलं होतं. बुडालेल्या प्रत्येक घरातल्या एकाला धरणग्रस्ताचा दाखला मिळे आणि त्यावर सरकारी नोकरी. जयवंताबाईंच्या घराचा दाखला त्यांच्या लेकीच्या, मेघाच्या हक्काचा होता. देवाजीने तो पंधरा वर्षांपूर्वीच आपल्या भाच्याला, विक्कीला, त्या घरातला दाखवून दिल्याचा खोटा कागद तयार केला. जुन्या तारखेला जुनी मोहोर हवी. त्याने मला पँटीला पुसलं.

"मामा, पकडल्या गेलो तं?" विक्की घाबरला.

"आपल्या कचेरीच्या साहेब मॅडम मिझोरमच्या हायेत. त्याईले काय समजते आपल्या कुहीचं?"

मार म्हटलं मेल्या, मार ठसा. मी तुझीच वाट पाहत होते.

आठवड्याने जयवंताबाई मेघाला घेऊन आल्या. मेघाची निवड झाली होती, फक्त दाखला हवा होता.

"तुमच्या घराचा दाखला तं कवाच गेला, बाई," देवाजी म्हणाला.

"आमचं घर पाण्यात गेलं. दाखला काय वाऱ्यावर गेला का गा?" जयवंताबाई म्हणाल्या आणि मेघाचा हात धरून सरळ मॅडमच्या खोलीत शिरल्या.

मॅडमचं मराठी अडखळत चाले, डोळे नाही. त्यांनी फाइलमधला विक्कीचा कागद आणि त्या वर्षाची नोंदवही शेजारी ठेवली. वहीतले माझे ठसे भाकरीसारखे पूर्ण गोल. विक्कीच्या कागदावर कडेला घास काढलेला.

"देवाजीभाऊ, ती मोहोर आणा. कोऱ्या कागदावर ठसा मारा."

त्याने मला हळूच टेकवलं. मी मात्र अंगातला सगळा जोर लावून उमटले, टवक्यासकट.

"मॅडम, हे पहिल्यापासून अशीच आहे."

मॅडमनी नोंदवही त्याच्याकडे फिरवली. सिंधूताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "खोटं बोलून राहिला. गेल्या पोळ्याले सुपारी फोडली यानं हिच्यानं. मी पाहून राहिली होती."

मेघाला त्याच दिवशी दाखला मिळाला. देवाजी निलंबित होऊन घरी बसला, विक्की तोंड लपवून फिरतो.

मित्रांनो, घरातल्या, कचेरीतल्या जुन्या वस्तूला जपा. दया म्हणून नको. तिला कुठे लागलं, कोणी मारलं, ते सगळं तिच्या अंगावर लिहिलेलं असतं, म्हणून जपा.

उद्या चौकशी अधिकाऱ्यासमोर मला पुरावा म्हणून नेणार आहेत. देवाजी समोरच असेल. सिंधूताईंनी मघाशी चिंच आणि राख आणली, मला घासून लख्ख करायला. घासा बाई, खुशाल घासा. फक्त त्या कडेला हात लावू नका.