डोंगर येईपर्यंत

"कोणाची आहे ही? नाव सांगा की!" तोमिए आजींनी पुन्हा विचारले, आणि कोहेई तोगाशींच्या घशात मुळ्याचे लोणचे अडकले.

आमची हायकूची बैठक अग्निशमन बंबाच्या शेडवरच्या खोलीत भरते. रीत जुनीच. प्रत्येकाने आपल्या रचना चिठ्ठ्यांवर नाव न घालता द्यायच्या. चिठ्ठ्या पिसून वाटल्या जातात, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ज्याच्या हाती जी येईल ती तो आपल्या हाताने उतरवून काढतो. मग ज्याला जी आवडेल ती त्याने निवडायची. निवडलेली रचना मोठ्याने वाचली की ज्याची असेल त्याने फक्त आपले नाव उच्चारायचे. बाकी काही बोलायचे नाही, लाजायचे नाही, खुलासे करायचे नाहीत.

कोहेईंवर ही वेळ कधी आलीच नव्हती. ते दाराशी बसत, सगळ्यांचे पेले चहाने भरत आणि निमूटपणे हरत. सत्तरी गाठत आलेला हा माणूस जन्मभर शेतीच्या पाण्याचे पंप दुरुस्त करत आला आणि अजूनही लावणीच्या दिवसांत पाणीसंघ त्यांनाच बोलावतो. त्यांच्या रचनाही तशाच. पट्टा सैल झाला, व्हॉल्व्हला गंज चढला, बेअरिंग तापले. "कोहेई-सान, हा हायकू नाही, कामाचा अहवाल झाला," असे न्हावी नोगामी म्हणायचा आणि सगळी खोली हसायची. कोहेईही हसायचे. मुळात ते हायकूसाठी आलेच नव्हते. बैठक होती त्यांच्या बायकोची, मिसाओची. ती गेल्यावर तिची बसायची गादी परत न्यायला ते आले, चहा घ्या म्हणून कोणीतरी आग्रह केला, आणि त्या गादीवर बसले ते बसलेच.

आणि आज जवळजवळ सगळ्या खोलीने एकच रचना निवडली होती. आजींनी ती परत वाचली.

पंप थांबला
लावणीच्या पाण्यात
डोंगर आला

"कोहेई," कोहेई म्हणाले. उचकी लागल्यासारखा आवाज आला.

मग नोगामीने मांडीवर थाप मारली. "अहो, पण यातही पंप आहेच की!"

आमचे गुरुजी दोन वर्षांपूर्वीच शेजारच्या शहरातून आले आहेत, स्वभावाने हळवे. ते गुडघ्यांवर पुढे सरकले. "तोगाशी-सान, हे तुम्ही पाहिलंत?"

कोहेईंनी उत्तरादाखल पिशवीतून मिसाओचा कॅमेरा काढला आणि फोटो दाखवला. परवा संध्याकाळी पंपघरापाशी काढलेला. नुकती रोपे लावलेले खाचर, पाणी अगदी निवांत, आणि त्यात उलटा चोकाई डोंगर, माथ्यावरच्या बर्फासकट. कॅमेरा हातोहात फिरला. "या दोन्ही गोष्टी गावच्या प्रदर्शनाला द्यायच्या," गुरुजींनी ठरवूनच टाकले. "फोटो आणि त्याखाली रचना. उद्या संध्याकाळपर्यंत माझ्याकडे पोचवा."

तोमिए आजींनी मात्र कॅमेरा न पाहताच पुढे सरकवला. तोफूच्या दुकानाच्या या मालकीणबाई नव्वदीच्या, बैठकीतल्या सर्वांत जुन्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कोहेईंकडे रोखून पाहिले.

"ही मी आधी ऐकलीय," त्या म्हणाल्या. "याच खोलीत."

तेवढ्यात गावाच्या भोंग्यावर पाचची धून वाजू लागली आणि खाली त्यांच्या नातजावयाच्या टेम्पोने हॉर्न दिला. आजींना जिना उतरवणे म्हणजे एक सोहळाच असतो. दोघे पुढे, एक मागे. खालून त्या ओरडल्या, "कोहेई, उद्या दुकानात ये! नक्की ये रे!"

लोकांनी आवराआवर केली. कोहेई मात्र आजींचे ते वाक्य मनात घोळवत जिना उतरले.

घरी आल्यावर त्यांनी मिसाओच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवली. आज नाव सांगितले गं, असे तिला सांगायचे त्यांनी वाटेत ठरवले होते. पण ते सांगवेना. ते ओट्याशी गेले, कांद्याची पात चिरायला घेतली, आणि सुरी पहिल्यांदा लाकडावर आपटली तेव्हा त्यांना आठवले. मिसाओ इथेच उभी राहून पात चिरायची आणि डाव्या हाताची बोटे एकेक करून मिटत अक्षरे मोजायची. एकदा असेच मोजत ती पुटपुटत होती. पंप थांबला. पंप थांबला, लावणीच्या. तिचा आवाज त्यांना इतका स्वच्छ ऐकू आला की त्यांनी सुरी खाली ठेवली.

म्हणजे ओळ तिची. आपण ती केव्हातरी अशीच ऐकली, विसरलो, आणि आज आपलीच म्हणून लिहून दिली. वर सगळ्यांसमोर नाव सांगितले.

आमच्या भागात दुसऱ्याच्या खाचराचे पाणी गुपचूप आपल्याकडे वळवणाऱ्याला लोक पिढ्यान्‌पिढ्या विसरत नाहीत, आणि तो कोण ते हुडकायचे काम आयुष्यभर कोहेईंकडेच होते. पाणीचोराच्या बांधावर उभे राहून ते शांतपणे म्हणायचे, "व्हॉल्व्हच्या चाकाचं कालचं माप आणि आजचं जुळत नाही बरं का." आता ते स्वतःच्याच बांधावर उभे होते.

पण खरे दुःख त्याहून निराळे होते. मिसाओ गेल्यापासून त्यांना काही दिसेनासे झाले होते. डोळे ठणठणीत होते, पण डोंगर, बर्फ, बगळे सगळे नुसते समोर असायचे. परवा पंप बंद करून ते हात पुसत होते, आणि पाण्यावरची शेवटची लाट काठाला लागली. डोंगर हळूहळू जुळत आला. आधी पायथा, मग खांदे, मग बर्फ. त्यांना एकदम गलबलून आले. कितीतरी दिवसांनी जिवंत असल्यासारखे वाटले होते. ओळ जर तिची असेल, तर ते पाहणेही तिचेच. आपण फक्त उसने घेऊन आलो. हा विचार त्यांना सहन होईना. पात तशीच राहिली, भात गार झाला.

सकाळी ते तोफूच्या दुकानात पोचले तेव्हा आजी कढईसमोर स्टुलावर बसून सुनेला सूचना देत होत्या. सुनेचेही केस पिकले आहेत, पण सूचना थांबलेल्या नाहीत.

"आलास? बस. तोंड असं का एरंडेल प्यायल्यासारखं?"

कोहेई बसले नाहीत. टोपी काढून कमरेत वाकले. "आजी, माझं नाव मागे घ्या. ती रचना मिसाओची आहे. मी मुद्दाम केलं नाही, पण झालं खरं. गुरुजींना मी सांगतोच. तुम्हाला आधी सांगावं म्हणून आलो."

आजींच्या हातातला झारा तसाच राहिला. मग त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, सुनेने धावत येऊन पाठीवर थोपटले.

"मूर्खा," आजी डोळे पुसत म्हणाल्या. "रात्रभर हेच उगाळत बसलास?"

"हसू नका हो आजी."

"हसू नको तर काय करू? अरे, तिने ती रचना आणली होती, हे खरं. खूप वर्षं झाली, जुने गुरुजी होते तेव्हा; त्यातली आता मीच उरलेय. सगळ्यांनी निवडली. गुरुजींनी वाचली आणि वाट बघितली, नाव कोण सांगतंय. कोणी बोलेना! परत वाचली. तरी सगळे गप्प. असं कधी झालं नव्हतं. शेवटी तुझी बायको लालबुंद होऊन म्हणते, 'चिठ्ठी मी टाकली, पण नाव मला सांगता येत नाही. ही माझी नाही.'"

"मग कोणाची?"

"तेच तर गुरुजींनी विचारलं. म्हणाली, 'आमच्या घरी जेवण गार करून येणारा एक माणूस आहे, त्याची. उशीर का झाला विचारलं तर बूट काढताना म्हणतो, पंप बंद केला आणि डोंगर येईपर्यंत थांबलो. रोजचं तेच! मी फक्त अक्षरं मोजली.'"

कोहेई आता बसले. दुसरे स्टूल नव्हते, सोयाबीनचे पोते होते, त्यावरच बसले.

"मी असं म्हणायचो?"

"मला काय विचारतोस? तुझ्या घरात मी राहत होते का?" आजींनी कढईतला तोफू उलटला. "गुरुजी म्हणाले, ज्याची आहे त्याने येऊन नाव सांगावं, तोपर्यंत ही राहू दे बिननावाची. मिसाओ तुझ्या मागे लागली होती की नाही, चला बैठकीला म्हणून?"

लागली होती. दर महिन्याला. आणि कोहेई दर महिन्याला म्हणायचे, मी पंपाचा माणूस, मला काय कळतंय त्यातलं.

"काल तू नाव सांगितलंस ना, मला वाटलं ती बाई दारात उभी आहे," आजी म्हणाल्या. "तिथंच सांगणार होते, तर तो मेला टेम्पो आला. आमच्या नातजावयाला तेवढ्यात घाई."

कोहेईंना आठवत होते. ओळ नव्हे, बूट. रबरी बूट ओले झाले की निघत नसत, ओट्यावरून मिसाओ विचारायची, आणि ते बुटाशी झटापट करत काहीतरी बोलून जायचे. काय बोलायचे त्याकडे त्यांनी कधी लक्ष दिले नव्हते. लक्ष तिने दिले होते. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्यामागोमाग डोळ्यांत पाणी आले. सुनेने तोंड फिरवून उगीचच पाण्याचा नळ सोडला.

"आणि तिने पाहिला का हो कधी? डोंगर येताना?" कोहेईंनी विचारले.

"कॅमेरा त्याच्यासाठीच घेतला होता की. बांधावर जाऊन उभी राहायची. मी विचारायची, दिसला का गं? तर म्हणायची, 'कुठला हो आजी, पंप थांबेपर्यंत कोण थांबणार, स्वयंपाकाची वेळ होते.' जा आता. हा तोफू घेऊन जा, गरम आहे. पैसे काढलेस तर झारा मारीन."

घरी येऊन कोहेईंनी कॅमेरा उघडला. मिसाओचे फोटो त्यांनी पूर्वीही पाहिले होते आणि मनातल्या मनात तिची कीवही केली होती. एकामागून एक नुसते हललेले पाणी. लाटा, लाटांचे तुकडे, पांढऱ्या-निळ्या चिंध्या. बिचारीला जमले नाही, असे त्यांना वाटायचे. आता ते एकेक फोटो थांबून पाहू लागले. त्या चिंध्या म्हणजे फुटलेला चोकाईच होता, पंप चालू असतानाचा. एका फोटोच्या कडेला पंपघराचे दार होते आणि दारात पाठमोरा एक माणूस, पान्यावर वाकलेला. त्याला मागे कोणी उभे असल्याचे ठाऊक नव्हते.

दुपारी त्यांनी गुरुजींकडे दोन फोटो दिले. वर तिचा, खाली आपला, मध्ये रचना. "हा वरचा जरा हललाय," गुरुजी संकोचून म्हणाले. "तो तसाच पाहिजे," कोहेई म्हणाले, आणि रचनेखाली कोणाचे नाव घालायचे असे विचारल्यावर त्यांनी या वेळी न अडखळता आपले नाव सांगितले.

संध्याकाळी ते पंपघरावर गेले. बटण दाबले. पंप घरघरत गप्प झाला, बेडकांना कंठ फुटला. कोहेई बांधावर उभे राहिले, जिथून तो पाठमोरा फोटो काढला असणार तिथेच. कॅमेरा गळ्यात होता, पण त्यांनी तो उचलला नाही. पायथा आला. खांदे आले. वारा मध्येच खोडी काढून गेला म्हणून पहिल्यापासून परत वाट पाहावी लागली. शेवटी बर्फ आले.

अंधार पडता पडता ते घरी पोचले. पायरीवर बसून बुटाशी झटापट केली. एक निघाला, दुसरा निघेना. आत ओट्यावर तोफू केव्हाचा गार झाला होता.

"उशीर झाला खरा," ते आत पाहून म्हणाले. "डोंगर येईपर्यंत थांबलो."