‘आय ॲम गोइंग’

चाळीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि अजूनही कुणी ‘आय ॲम हॅविंग अ कोल्ड’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. निवृत्तीनंतर जुईनगरला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात दुपारी तीन ते चार मी बायकांना रोजच्या वापरातलं इंग्रजी शिकवते. फी घेत नाही, त्यामुळे ओरडायला मोकळी असते.

रखमा वर्गात आली ती एका कामासाठी. मूळची परभणीकडची, राहायला शिरवण्याला. कंपनीतलं पॅकिंगचं काम सुटून पाच महिने झाले होते, आणि सीवूड्सला एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळायचं काम मिळण्यासारखं होतं. बाई केरळच्या, आडनाव कुरियन, सगळे अम्मची म्हणत. हिंदी येत नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही; इंग्रजी मात्र स्वच्छ. त्यांचा नवरा गेल्यावर लेकीनं त्यांना इथे आणलं आणि दीड वर्षात ती स्वतःच नोकरीसाठी सिंगापूरला गेली. इंग्रजी बोलणारी बाई हवी, ही लेकीची अट. रखमाच्या हातात पंधरा दिवस होते आणि दुसरं काम समोर नव्हतं.

ती झटपट शिकली. ‘टेक युअर टॅबलेट’, ‘व्हेअर डज इट हर्ट’, ‘शाल आय हीट द वॉटर’. गाडी अडली ती एकाच वाक्यावर.

“संध्याकाळी निघताना काय म्हणशील?”

“आय ॲम कमिंग.”

“कमिंग नाही, गोइंग. तू निघाल्येस ना?”

“जाते कसं म्हनू बाई? मानूस मरतं तवा जातं. आपुन येते म्हनायचं.”

“ते मराठीत. इंग्रजीत जाणारा जातो आणि येणारा येतो.”

“पन त्यांना वाईट नाय वाटायचं?”

“व्याकरणाला कसलं वाईट वाटतंय?” मी म्हणाले, आणि ते वाक्य तिच्याकडून पन्नास वेळा लिहून घेतलं. तिनं मान खाली घालून लिहिलं. वर्गातल्या बाकीच्या हसल्या. मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

व्हिडिओ कॉलवरच्या मुलाखतीत ती पास झाली. आठ दिवस ट्रायल, मग पक्कं. शनिवारी कामाला लागली. रविवारी सुट्टी होती.

रविवारी सकाळीच लेकीचा फोन आला. रखमानं ओळखीसाठी माझा नंबर दिला होता. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत.

“तुमची बाई काल काम सोडून गेली. आईनं रात्रीपासून काही खाल्लेलं नाही. उद्या तिला पाठवू नका, मी एजन्सीकडून दुसरी बघते.”

मी भडकून रखमाला फोन लावला. एका दिवसात काम सोडायचं होतं तर माझे पंधरा दिवस कशाला खाल्लेस, असंही वर ऐकवलं.

“सोडलं न्हाई हो बाई!” ती रडवेली झाली. “तुमी शिकवलं तेच बोलले. निघताना त्यांनी दोनदा इचारलं. मी दोनी टायमाला म्हनलं, आय ॲम गोइंग. एकदम नीट म्हनलं.”

ते वाक्य तर मीच पन्नास वेळा लिहून घेतलं होतं. मग रिक्षा केली, वाटेत शिरवण्याला रखमाला घेतलं आणि आम्ही दोघी सीवूड्सला गेलो.

अम्मचींनी दार उघडलं, रखमाला पाहिलं आणि तिचा हात धरला तो सोडेचनात. टेबलावर इडल्या झाकून ठेवलेल्या होत्या, कालच्या. मला त्या म्हणाल्या, “मी शाळेत गणित शिकवायचे. ‘गोइंग’चा अर्थ मला कळतो. पण आमच्याकडे घरातून निघणारा ‘जाऊन येतो’ म्हणतो. नुसतं ‘जाते’ कुणी म्हणत नाही. हिनं दोनदा म्हटलं, तेव्हा वाटलं, हीसुद्धा गेली.”

रखमाला त्यातलं निम्मंच कळलं असेल. “सेम, अम्मची. सेम,” म्हणून ती आत गेली आणि इडल्या वाफवायला ठेवल्या.

मी बाल्कनीत जाऊन लेकीला फोन लावला. चाळीस वर्षांत न म्हटलेलं वाक्य म्हणाले: “चूक माझी आहे. ते मी तिला शिकवलं.”

“पण ‘आय ॲम गोइंग’ तर बरोबरच आहे.”

“भाषा बरोबर आहे. ऐकणारी तुमची आई आहे.” आणि मी तिला सगळं सांगितलं.

मग ती म्हणाली, “लहानपणी आम्हीही तसंच म्हणायचो. विसरलेच होते मी. मी रोज फोन ठेवताना ‘ओके अम्मा, गोइंग’ म्हणते.” पुढे अगदी विद्यार्थिनीसारखं विचारलं, “मग मी काय म्हणायला हवं?”

उत्तर सोपं होतं, रखमाचंच, तीन शब्दांचं. पण मला ते तिला घाईघाईनं लिहून द्यायचं नव्हतं.

“तुम्ही येणार आहात का?” मी विचारलं.

आतून बशीचा आवाज आला. अम्मची खात होत्या.

“तिला उद्यापासून यायला सांगा,” लेक शेवटी म्हणाली. “ट्रायलची गरज नाही.” आणि या वेळी ‘गोइंग’ न म्हणता तिनं फोन ठेवला.