हळू बोला ना, पप्पा

हिवाळ्यात एक रविवार मोकळा सापडला, म्हणून रत्ना नवऱ्याला आणि पोरीला, गुंजनला, ओढत डिंडोलीच्या घरून पोंक, म्हणजे आपला हुरडा, खायला नदीकाठच्या स्टॉलवर घेऊन आली. रात्रपाळी करून आलेला उत्तम कापड कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटात ओरडतो तसाच ओरडला, "सेव तिखी घेऊ का लिंबूवाली?"

सगळे वळून बघायला लागले. शेजारीच गुंजनची शाळेतली मैत्रीण बसलेली. गुंजन फणकारली, "पप्पा, हळू बोला ना! लाज वाटते."

उत्तमनं मग बोटानंच लिंबूवाली सेव दाखवली. रत्नाचं डोकं तापलं, पण आठवडाभर राबून पोरीला झापायलाही अंगात जीव नव्हता.

परतताना रिक्षात तो चकार शब्द बोलेना. शेवटी गुंजनच त्याच्या कानाशी ओरडली, "पप्पा, पुढच्या रविवारी परत येऊ?"

रिक्षावाला दचकला.

"पुढच्या रविवारी दिवसपाळी आहे गं!" उत्तमही तितक्याच जोरात ओरडला, आणि रत्नानं डोळे मिटून घेतले.