शाळेत सोडायला कोण येणार?

आठवीला शिकवणाऱ्या वर्षाने पालकांना विचारायच्या पहिल्याच प्रश्नावर लाल रेघ मारली आणि कागद मुख्याध्यापक रघुनाथ सरांकडे सरकवला. ‘आपल्या मुलीने आठवीनंतर पुढे शिकावे असे आपणांस वाटते का?’ हा प्रश्न सरांनी स्वतः, मोठ्या हौसेने लिहिला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रेघ होती तिथेच होती.

“यात चूक काय आहे?”

“चूक काही नाही, सर. सगळे हो म्हणतात, एवढंच.”

गेल्या वर्षी हेच झालं होतं. परराज्यातल्या लिंबायतच्या या मराठी शाळेत वर्ग आठवीपर्यंतच. नववीसाठी खाडीपलीकडच्या हायस्कुलात मराठीची तुकडी काढायला तिथली संस्था तयार झाली आणि आधी पालकांना विचारून घ्या म्हणाली. शाळेने विचारलं. घरोघरी ‘हो’वर खुणा झाल्या. बाकं आली, शिक्षक नेमला गेला आणि जूनमध्ये वर्गात मोजक्या पोरी येऊन बसल्या. दिवाळीच्या आत तुकडी बंद झाली. ज्या आल्या होत्या त्याही घरी बसल्या, आणि वर्षाला वाईट वाटत राहिलं ते त्यांचंच. यंदा संस्थेने बजावलं होतं की या वेळी खरं काय ते कळवा, नाहीतर पुन्हा विषय काढू नका.

सरांचं मत होतं की लोक खोटं बोलतात. वर्षाला ते पटत नव्हतं. वस्तीतल्या बऱ्याच घरांसारखी तीही मूळची एरंडोलकडची. तिच्या माहेरी लसवाली नर्स येवो की जनगणनेचे मास्तर, जो दारी येईल त्याला पाट, पाणी आणि ‘हो’ ठरलेला. शाळेच्या बाईला घरी आल्यावर नाही म्हणायचं म्हणजे तिला उपाशी परत पाठवण्यासारखंच. त्या ‘हो’ला खरंखोटं असं काही नसतं, तो पाहुणचार असतो. हे जन्मापासून ठाऊक असूनही गेल्या वर्षी तिने त्याच पाहुणचाराची बेरीज करून संस्थेला पाठवली होती. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

रेघेखाली तिने नवा प्रश्न लिहिला. ‘नववीत गेल्यावर मुलीला खाडीपलीकडे शाळेत रोज कोण सोडील? नाव सांगा.’ पोरीला एकटीला पुलापलीकडे धाडायला वस्तीत कुणी धजत नसे. त्यामुळे शिक्षणाचं सगळं घोडं शेवटी तिथेच अडायचं.

“आणि नावं मिळाली नाहीत तर?” सरांनी विचारलं.

“तर तुकडी निघणार नाही.”

हे ती ठामपणे बोलली खरी, पण मनातून घाबरली होती. तिच्या वर्गातली धनश्री नववीला जावी, असं तिला फार वाटत होतं. वर्गात कुणी एक आवडतं असू नये म्हणतात, तिला होतं. आणि आता आपल्याच हाताने आपण तिची वाट बंद करतो आहोत की काय, ही धास्ती कागदाबरोबर पिशवीतून हिंडायला लागली.

प्रश्न मात्र चोख निघाला. जिथे विचारावं तिथे माणसं आधी हसायची, मग एकमेकांकडे बघायची. एका घरी बाप म्हणाला, पोर गावी आजीकडे जाणार आहे. दुसऱ्या घरी सोयरीक बघताहेत असं कळलं. नाव मिळालं ते एखाद्याच घरी. वर्षा खरं तेच लिहून घेत होती आणि प्रत्येक खऱ्या उत्तरासरशी तिचा जीव खाली जात होता.

शेजारच्या गोडादरा वस्तीत धनश्रीच्या घरी ती पोचली तेव्हा खोलीभर एक साडी पसरलेली होती. एका काठाला धनश्रीची आजी धुरपदाबाई आणि दुसऱ्या काठाला आई कमल, दोघी मजुरीवर टिकल्या चिकटवत बसल्या होत्या. धनश्री तयार साड्या पोचवायला गेली होती. वडील, हिलाल, कापडाच्या लूमवर रातपाळी करून आलेले, डोळे चोळत उठून बसले. पालकसभेला नेहमी तेच यायचे. कमलचा आवाज वर्षाने कधी ऐकलेला नव्हता.

मुलीला शिकवायचं आहे ना, असं विचारल्यावर हिलाल लगेच म्हणाले, शिकवायचंच आहे. मग वर्षाने नवा प्रश्न वाचला.

हिलालनी आपल्या पाळ्यांचं सांगितलं. एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची, आणि सुटी मागितली की शेठ दुसरा माणूस उभा करतो. आई थकलेली. रिक्षावाल्याचा भरवसा नाही.

“मॅडम, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? सोडायला कोणी नाही.”

वर्षाने मान हलवली. ‘कोणी नाही’ असं लिहायला तिने पेन टेकवलं.

“मी सोडसू,” कमल म्हणाली.

डोक्यावरचा पदर तसाच होता, नजर टिकलीवर. हिलाल बायकोकडे वळले.

“तुले पूल तरी माहीत शे का? भाजीगल्लीना पुढे तू कधी गयी नही.”

वर्षालाही तीच शंका आली. हाही पाहुणचारच तर नाही? बाई आल्या आहेत, त्यांचं मन मोडू नये म्हणून? तिला विचारावंच लागलं.

“कमलताई, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. रोज जमेल?”

कमलने हातातली टिकली चिकटवून टाकली.

“जाताना पोर माले लई जाई, तिले रस्ता माहीत शे. येताना मी एकली येसू. चुकनू ते इचारसू.”

हिलाल आईकडे बघू लागले. सून रोज सकाळी चूल सोडून घराबाहेर पडणार की नाही हे या घरात त्यांनी नव्हे, धुरपदाबाईंनी ठरवायचं होतं. मध्ये बोलायचा वर्षाला अधिकार नव्हता, आणि नाव तर अजून लिहिलेलं नव्हतं.

धुरपदाबाईंनी साडीची घडी आपल्याकडे ओढली. पुढचा काठ सरळ केला. सुनेकडे त्यांनी पाहिलं नाही.

“सकाळन्या भाकरी मी टाकसू,” त्या म्हणाल्या.